गेलेल्या माणसाचे पैसे

आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातात घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य होईपर्यंत कुणी काही बोलत नाही. तेरावं उरकलं की एखादा व्यवहारी मेहुणा नाहीतर ऑफिसातला सहकारी हळूच विषय काढतो, "क्लेमचं काय करायचं?" आणि घरात एकदम शांतता पसरते. मग कोपऱ्यातून कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, "माणूसच गेला, आता पैसे घेऊन काय करायचंय?" झालं. विषय संपतो. संपला नाही तरी पुढे जो कोर्टाची पायरी चढतो त्याच्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात. गेलेल्या माणसाचे पैसे खाल्ले, असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण म्हणायचं तेच असतं.

हे मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा ठरवलं, हे पैसे मागायची सोय मुळात आली कुठून ते बघू या. मी वकील नाही, पण जुने निकाल वाचायचा नाद आहे (घरचे याला दुसरं नाव देतात). तर त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सुरुवात थेट इंग्लंडात होते, कारण आपला कायदा तिथून आला. १८०८ साली लंडनच्या कोर्टात एक खटला उभा राहिला, बेकर विरुद्ध बोल्टन. एक नवरा-बायको घोड्यांच्या टपाल-गाडीसारख्या भाड्याच्या गाडीच्या टपावर बसून चालले होते. गाडी उलटली. नवऱ्याला मुका मार लागला, बायको महिन्याभराने दवाखान्यात वारली. नवऱ्याने भरपाई मागितली. न्यायाधीश होते लॉर्ड एलेनबरो. त्यांनी ज्यूरीला सांगितलं ते थोडक्यात असं: नवऱ्याला लागलेल्या माराचे पैसे द्या, बायको आजारी होती त्या महिन्याचेही द्या, पण ती मेली तिथे हिशोब थांबवा. दिवाणी कोर्टात माणसाचं मरण हे नुकसान धरता येत नाही. नवऱ्याला शंभर पौंड मिळाले.

म्हणजे गाडीवाल्याच्या दृष्टीने जखमी करण्यापेक्षा मारून टाकणं स्वस्त! वाचताना हसू येतं आणि मग येत नाही.

त्या काळात तिकडे अजून एक गंमतीशीर प्रथा होती. जी वस्तू माणसाच्या मृत्यूला कारण होते ती, किंवा तिची किंमत, राजाच्या खजिन्यात जमा व्हायची. गाडीचं चाक, बैल, काहीही. रेल्वे आल्यावर या प्रथेची पंचाईत झाली. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॉनिंग या ठिकाणी गाडी रुळांवर कोसळलेल्या दरडीवर आदळली, गाडीतले मजूर मेले, आणि ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर हजार पौंड ठोकले. पण पैसे जाणार सरकारला. मेलेल्याच्या बायकोपोरांना त्यातला छदामही नाही. शेवटी १८४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने ती प्रथा बंद केली आणि त्याच वर्षी दुसरा कायदा केला, की दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या बायकोला, मुलांना, आईवडिलांना भरपाई मागता येईल.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ साली, आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, हाच कायदा हिंदुस्थानात आला. अजूनही तो पुस्तकात आहे. मला यातला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. भरपाई कशाची? दुःखाची नाही. माणूस हयात असता तर घराला जे मिळालं असतं आणि आता मिळणार नाही, त्याची. त्या कोपऱ्यातल्या वडीलधाऱ्यांचं उत्तर १८४६ सालीच देऊन झालं होतं. पैसे माणसाचे नव्हतेच, पोरांच्या पोटाचे होते.

मग मोटारी आल्या. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. मोटारीने मेलेली ती ब्रिटनमधली पहिली पादचारी. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने अशी गोष्ट पुन्हा घडू नये अशी आशा व्यक्त केली म्हणतात. भाबडा माणूस. सरकारी आकड्यांप्रमाणे आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. एखादं मध्यम आकाराचं शहर दरवर्षी पुसून टाकावं तसं.

मोटारीने एक नवी अडचण आणली. रेल्वे कंपनीकडे पैसे असतात, ट्रकच्या मालकाकडे बऱ्याचदा कर्जाचा ट्रक सोडून काही नसतं. कोर्टाने हुकूमनामा दिला तरी वसूल कशातून करणार? त्यावर उपाय निघाला सक्तीच्या विम्याचा. ब्रिटनमध्ये तो १९३० साली आला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात लिहिला गेला, पण विम्याचं प्रकरण लागू व्हायला १९४६ चा जुलै उजाडला.

यालाच आपण "थर्ड पार्टी" म्हणतो. आणि दरवर्षी हप्ता भरताना कुरकुरतो, की यातून आपल्याला काय मिळणार? आपल्याला मिळायला तो नसतोच. विम्याची कंपनी एक, गाडीमालक दोन, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो अनोळखी माणूस, ज्याला आपल्या गाडीची धडक बसू शकते. त्याच्या घरच्यांसाठी तो हप्ता असतो. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या पाकिटातून गेली ऐंशी वर्षं या कामासाठी पैसे जमा होताहेत. तेव्हा दावा करणारा भीक मागत नाही किंवा कुणाला लुबाडत नाही, एवढं तरी लक्षात घ्यावं.

पैसे जमले, पण ते मिळायची वाट बिकटच होती. दिवाणी कोर्टात दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी. ज्या बाईचा कमावता नवरा गेला तिने ती आणायची कुठून? १९५६ च्या दुरुस्तीने यासाठी वेगळी ट्रिब्युनल स्थापन करायची सोय झाली. साधा अर्ज, झटपट चौकशी अशी कल्पना. अर्ज मात्र साठ दिवसांत करायचा! पुढे ती मुदत सहा महिने झाली.

ट्रिब्युनल सगळीकडे पोचलीही नव्हती. हरियाणातला एक खटला आहे. सरकारी बसखाली एक माणूस चिरडला गेला. त्याच्या बायकोने आणि मुलीने नादार म्हणून, म्हणजे कोर्ट फी माफ करून, दावा चालवू द्यावा असा अर्ज केला. कोर्टाने दिली परवानगी. आणि राज्य सरकार त्या परवानगीविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं! १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला चांगलंच फैलावर घेतलं. गरिबाला न्यायाच्या बाजारातून किमतीपायी बाहेर ढकलता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. एवढ्यावर न थांबता, चूक कुणाची हे न बघता भरपाई देणारा कायदा करा, असंही त्यांनी सुनावलं.

कारण खरी मेख तिथेच होती. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की ड्रायव्हरचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. आता रात्री दोन वाजता घाटात धडक झाली तर पाहिलं कुणी? ज्याने पाहिलं तो एकतर मेला नाहीतर पळाला. लॉ कमिशनने यावर अहवाल दिले आणि १९८२ साली कायदा बदलला. चूक कुणाचीही असो, मृत्यूला पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये लगेच द्यायचे, बाकीचा वाद मागाहून चालू दे.

हे पंधरा हजार मला माहीत आहेत. १९८३ साली माझ्या मावशीच्या यजमानांना, आमच्या काकांना, सायकलवरून कारखान्यात जाताना ट्रकने उडवलं. ते फिटर होते. मावशी तेव्हा चौतिशीची, पदरात तीन मुलं. सासरच्या मंडळींना क्लेम वगैरे पटलं नव्हतं. "कुंकवाचे पैसे" हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमचे आजोबा मात्र ठाम राहिले. ते मावशीला म्हणाले, "तू घेऊ नकोस. पोरांच्या नावाने घे." पहिला चेक आला तो त्या पंधरा हजारांचा. त्यातून दोन वर्षांचं भाडं भागलं आणि शिवणयंत्र आलं. उरलेल्या रकमेसाठी सहा वर्षं तारखा पडल्या. समोरच्या वकिलाने काकांनीच सायकल मध्ये घातली असं सुचवून पाहिलं, आणि मावशी शिवणकाम करून कमावते म्हणजे तिचं नुकसान कमी झालं, असाही एक मुद्दा मांडला. ते यंत्र कशातून आलं हे त्याला कोण सांगणार! निकाल लागला तेव्हा थोरला आयटीआयला होता, त्याची फी त्यातून गेली. मावशीने उरलेली रक्कम बँकेत मुलीच्या नावाने ठेवली आणि तिच्या लग्नापर्यंत मोडली नाही. "काकांनी लग्न लावलं" असंच ती म्हणायची.

आता हिशोबाकडे येऊ. एका माणसाच्या जाण्याने घराचं किती रुपयांचं नुकसान झालं हे ठरवायचं कसं? बराच काळ ज्या त्या ट्रिब्युनलचा जो तो हिशोब होता. सारख्या वयाच्या, सारख्या पगाराच्या दोन माणसांच्या घरांना वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळी रक्कम मिळायची. १९९४ मध्ये कायद्याला एक तक्ता जोडला, तर त्यातही इतक्या चुका निघाल्या की दोन वर्षांत सुप्रीम कोर्टालाच त्या दाखवून द्याव्या लागल्या. शेवटी २००९ साली त्याच कोर्टाने नीट तक्ता घालून दिला आणि २०१७ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब करून त्यात भर घातली.

उदाहरणच घेऊ. समजा अडतीस वर्षांचा प्लंबर, स्वतःचा धंदा, महिन्याला पंधरा हजार मिळवणारा. घरात बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले १,८०,०००. पुढे त्याची कमाई वाढलीच असती म्हणून चाळीस टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. तो स्वतःवर खर्च करायचा तो वजा करायचा. अवलंबून असणारे चौघे, म्हणून एक चतुर्थांश वजा. उरले १,८९,०००. आता वयाप्रमाणे गुणक. पंचविशीपर्यंत अठरा, मग उतरत उतरत पासष्टीनंतर पाच. अडतिसाव्या वर्षाला पंधरा. म्हणजे २८,३५,०००. यात अंत्यविधीचा खर्च, सहवास गमावल्याबद्दलची रक्कम वगैरे वेगळं. गुणक पंधराच का, माणूस अजून बावीस वर्षं तरी राबला असता, असं विचाराल. तर रक्कम एकदम हातात येते, ती बँकेत ठेवली तर व्याज मिळतं. दरवर्षी व्याज आणि थोडं मुद्दल काढत गेलं की ती पुरायला हवी, असा त्यामागचा विचार आहे.

कोरडा वाटतो ना हिशोब? मलाही वाटला होता. पण यात एक मोठी गोष्ट आहे. मुंबईतला असो की मेळघाटातला, तक्ता एकच. वकील किती मोठा यावर गुणक बदलत नाही.

हिशोबात सगळ्यात उशिरा कोण आलं असेल? बरोबर. घरातली बाई. जिला पगार नाही तिच्या जाण्याने घराचं नुकसान किती? १९९४ च्या तक्त्याने सांगितलं, नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. म्हणजे स्वयंपाक तोच, धुणंभांडी तीच, पण कारकुनाच्या बायकोची किंमत कमी आणि साहेबाच्या बायकोची जास्त. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात लागलेल्या आगीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे महिना तीन हजार धरले. २०१० मध्ये न्यायमूर्ती गांगुलींनी एक वेगळीच गोष्ट दाखवून दिली. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका "काम न करणाऱ्या" या गटात होत्या, भिकारी आणि कैद्यांच्या सोबत! आणि २०२१ च्या जानेवारीतल्या एका निकालात न्यायमूर्ती रमणांनी सरकारी पाहणीचे आकडेच मांडले. बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७ मिनिटं. (आमच्या घरी मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. ९७ हा आकडा फुगवलेला आहे असं बायकोचं म्हणणं पडलं.)

एलेनबरो साहेबांच्या कोर्टात मेलेली ती बाईच होती. तिच्या मरणाला शून्य धरलं होतं. शून्यापासून इथवर यायला दोनशेहून जास्त वर्षं लागली.

जखमी माणसांचंही असंच. डॉक्टर दाखल्यावर टक्के लिहितात, चाळीस टक्के, साठ टक्के. पूर्वी तोच टक्का कमाईला लावून मोकळे व्हायचे. २०१० साली सुप्रीम कोर्टाने समजावून सांगितलं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर दाखला साठ टक्क्यांचा असेल. पण सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदा जवळजवळ शंभर टक्के बसला, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. तेव्हा हात कुणाचा, हे आधी विचारा.

सगळं गोड झालं असं नाही. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोतून नेणं आपल्याकडे किती सर्रास चालतं! मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ च्या डिसेंबरात स्पष्ट केलं. भरपाई मालकाकडून मागा म्हणे. पुन्हा तोच कर्जाचा टेम्पो. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीचा नंबरच मिळाला नाही तर सरकारी योजनेतून रक्कम मिळते. १९८२ ला ती मृत्यूसाठी पाच हजार होती, २०२२ च्या एप्रिलपासून दोन लाख आहे, गंभीर जखमीला पन्नास हजार. पण ही योजना किती जणांना ठाऊक आहे? २०२४ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाला पोलिसांना सांगावं लागलं की महिन्याभरात गाडी सापडली नाही तर घरच्यांना या योजनेची लेखी माहिती द्या.

आणि आता मुदत. १९९४ साली सहा महिन्यांची अट काढून टाकली होती, म्हणून आपल्या डोक्यात "बघू सावकाश" हेच बसलंय. पण २०१९ च्या दुरुस्तीने ती अट परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागूही केली. हे सगळं आज लिहायचं खरं कारण हेच आहे. आमच्या नात्यातला एक मुलगा चार महिन्यांपूर्वी मोटारीच्या धडकेत जखमी झाला. चालतोय, पण उजव्या हाताची पकड गेली आहे, आणि तो सीएनसी मशीनवर काम करतो. त्याचे वडील, म्हणजे माझा चुलतभाऊ, म्हणतो, "दादा, पोरगा वाचला हेच खूप. कोर्टाच्या भानगडीत कोण पडतं?"

त्याला फोनवर सांगून झालंय, इथेही लिहितो, तो वाचतो. बाबा रे, पोरगा वाचला म्हणूनच पैसे लागणार आहेत. त्याला अजून पस्तीस वर्षं कमवायचंय. एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल काढ. दवाखान्याची बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, रिक्षाच्या पावत्या एका पिशवीत घाल. पगाराच्या स्लिपा ठेव. अपंगत्वाचा दाखला घेताना तो मशीनवर नेमकं काय काम करत होता ते डॉक्टरांना सांग. दावा अपघात झाला तिथेच लावायला हवा असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. आणि पुढच्या आठवड्यात वकिलाकडे जा, मी येतो सोबत. दोनच महिने उरलेत.

बाकीच्या मंडळींनी एवढंच करावं. पुढच्या वेळी कुणाच्या घरी तेराव्यानंतर तो विषय निघाला आणि शांतता पसरली, तर आपण बोलावं.